हळदीचा डाग आणि अल्कोहोल इंकचं चित्र

पांढऱ्या सदऱ्यावरचा हळदीचा डाग साबणाला दाद देत नाही, पण सदरा धुऊन उन्हात टाकला की फिका होत जातो. हे आपल्या घरांत कुणाला शिकवावं लागत नाही. तरीही अल्कोहोल इंकचं चित्र आपण हौसेने घरातल्या सगळ्यात उजेडाच्या भिंतीवर टांगतो. वास्तविक दोन्हीकडे घडतं ते एकच.

हळदीतलं कर्क्युमिन काय किंवा बहुतेक अल्कोहोल इंकमधला रंग काय, दोन्ही 'डाय' आहेत, म्हणजे विरघळून सुटे झालेले रेणू. ऑइल किंवा ॲक्रिलिक रंगांत बहुधा 'पिगमेंट' असतं, म्हणजे न विरघळणारे घन कण. कणाचा वरचा थर प्रकाशाने खराब झाला तरी आतले रेणू शाबूत राहतात. डायच्या रेणूला असा आडोसा नसतो. प्रकाश शोषून तो उत्तेजित होतो, ऑक्सिजनशी त्याची अभिक्रिया होते, आणि एकाआड एक दुहेरी बंधांची जी साखळी त्याला रंग देते, तीच तुटते. तुकडे कागदावरच राहतात, पण बिनरंगी. म्हणून उडालेला रंग कुठल्याही उपायाने परत येत नाही.

आता नेहमीचा प्रश्न: "कोणता स्प्रे मारू?" इथे दोन वेगळी कामं आहेत आणि आपण ती एकच समजतो.

पहिलं काम रंग जागेवर ठेवण्याचं. युपो हा खरं तर कागद नाही, पॉलिप्रॉपिलीनचं प्लास्टिक आहे. ते शाई शोषत नाही, त्यामुळे रंग वर नुसता बसलेला असतो. सॅनिटायझरचा ओला हात लागला तरी तो पळतो. ब्रशने व्हार्निश लावलंत तर चित्र ब्रशबरोबर निघालंच समजा. म्हणून चित्र निदान एक-दोन दिवस पूर्ण वाळू द्या आणि मग स्प्रे वापरा. बरेच चित्रकार आधी क्रायलॉनच्या कमार व्हार्निशचे दोन-तीन हात देतात. प्रत्येक हात अगदी पातळ, लांबून, आणि मधे वाळायला वेळ देऊन. स्प्रेमध्येही द्रावक असतोच. एकदम ओला थर दिलात तर रंग पुन्हा वाहू लागेल. तुमच्याकडे हिवाळा कडक असेल तर गारठलेल्या किंवा दमट गॅरेजमध्ये हे काम करू नका, थरावर पांढुरकी झाक येते. रेझिन ओतायचं असेल तर तेही या थरानंतरच. एपॉक्सी रेझिन स्वतःच उन्हाने पिवळं पडतं, त्यामुळे त्याला रक्षक समजू नका.

दुसरं काम प्रकाश अडवण्याचं. कमारवर यूव्ही-रोधक व्हार्निशचे हात द्यायचे ते यासाठी. ते जरूर द्या, कारण अतिनील किरण सर्वांत जास्त नुकसान करतात आणि खिडकीची साधी काच त्यांतले बरेचसे आत येऊ देते. पण डब्यावरच्या 'यूव्ही' या अक्षरांवर फार विसंबू नका. गुलाबी रंग गुलाबी दिसतो, कारण तो दृश्य प्रकाशातला हिरवा भाग शोषतो. हा शोषलेला प्रकाशही रेणू मोडू शकतो. तो अडवणारं व्हार्निश लावलं तर चित्रच नीट दिसणार नाही! यूव्ही-रोधक काचेचंही तेच.

मग उरतो उजेडाचा हिशोब. नाजूक चित्रांसाठी संग्रहालयं साधारण ५० लक्सची मर्यादा पाळतात. रोज ८ तास, वर्षभर धरले तर होतात १,४६,००० लक्स-तास. भर दुपारचं थेट ऊन सुमारे १,००,००० लक्स असतं. म्हणजे संग्रहालयातला वर्षभराचा उजेड चित्राला उन्हात दीड तासात मिळतो, आणि यात अतिनील किरण धरलेलेच नाहीत. पुण्याला आई-बाबांकडे चित्र पाठवणार असाल तर बाल्कनीसमोरची भिंत सोडून आतल्या पॅसेजची सुचवा. फिनिशिंग इथेच उरकून घ्या, कारण स्प्रेचा डबा विमानात नेता येत नाही.

चित्र विकत असाल तर माझं मत थोडं कडक आहे: मूळ चित्र डायचं आहे हे ग्राहकाला सांगा. चित्र पूर्ण होताच चांगलं स्कॅन करून पिगमेंट शाईत प्रिंट काढता येते, आणि भिंतीवर लावायला ती जास्त टिकाऊ.

तुमच्या बाटल्यांची परीक्षा घरीच घ्या. युपोच्या पट्टीवर प्रत्येक रंगाचा ठिपका द्या, पट्टीच्या एका टोकाला सील करा, दुसरं तसंच ठेवा. मग प्रत्येक ठिपक्याचा अर्धा भाग ॲल्युमिनियम फॉइलने झाका आणि पट्टी दक्षिणेकडच्या खिडकीत चिकटवा. सहा आठवड्यांनी फॉइल काढा. गुलाबी आणि जांभळ्याकडे आधी बघा. सोनेरी-चंदेरी छटांची फारशी काळजी नको. त्यांची चमक घन कणांची असते.