फुटपाथवर पेपरचा स्टॉल लावायला परवानगी कोणाची? चंद्रपूर-गडचिरोलीत लागू असलेले नियम समजून घ्या

पहाटे पाचच्या सुमारास नागपूरहून आलेली गाडी चौकात गठ्ठे टाकते आणि पुढच्या गावाकडे निघते. दुकानांची शटर बंद असतात. त्यांच्याच पायऱ्यांवर आणि समोरच्या फुटपाथवर गठ्ठे सुटतात, पुरवण्या भरल्या जातात, लाइनी वाटल्या जातात. पोरे सायकली काढून निघून गेली की उरलेले अंक एका टेबलावर मांडले जातात. सकाळी नऊ-दहापर्यंत फुटपाथचा तेवढा तुकडा पेपरचे दुकान असतो.

हा तुकडा नेमका कोणाचा? अतिक्रमण हटाव पथकाची गाडी आली, तर विक्रेत्याने कोणता कागद दाखवायचा? आणि परदेशात दिसतात तशा पेपरच्या पेट्या आपल्याकडच्या फुटपाथवर ठेवता येतील का?

या प्रश्नांना आता जास्त महत्त्व आले आहे. अडथळ्याविना फुटपाथ मिळणे हा संविधानाच्या कलम 21 मधील जगण्याच्या अधिकाराचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2025 रोजी स्पष्ट केले आणि राज्यांना त्यासाठी मार्गदर्शक सूचना तयार करण्यास सांगितले. म्हणजे फुटपाथ मोकळे करण्याचा दबाव वाढणार. दुसरीकडे, फुटपाथवर पोट भरणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदाही याच देशात 2014 पासून लागू आहे. पेपरवाला या दोन्हींच्या मधोमध उभा आहे.

पेपर विकायला परवाना लागतो का?

वर्तमानपत्राची नोंदणी करण्याची जबाबदारी प्रकाशकाची. त्यासाठीचा 1867 चा जुना कायदा जाऊन 1 मार्च 2024 पासून प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा, 2023 लागू झाला. चौकात अंक विकणाऱ्याला या कायद्याखाली वेगळा परवाना घ्यावा लागत नाही. छापील वर्तमानपत्रावर जीएसटीही शून्य आहे.

वर्तमानपत्र वाचकापर्यंत पोहोचवणे हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचाच भाग आहे, हेही न्यायालयाने फार पूर्वी मान्य केले. यातील एक महत्त्वाचा निकाल मराठी दैनिकाच्याच खटल्यात लागला. पानांच्या संख्येनुसार वर्तमानपत्राची किंमत ठरवून देणारा 1956 चा कायदा आणि त्याखालचा 1960 चा आदेश यांना पुण्याच्या ‘सकाळ’ने आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये तो कायदा रद्द ठरवला. खपावर घातलेले बंधन हे अभिव्यक्तीवरचे बंधन ठरते, हा त्या निकालाचा गाभा.

म्हणजे पेपर विकण्याचा अधिकार पक्का आहे. प्रश्न उरतो तो जागेचा.

पेपरवाला ‘पथविक्रेता’ ठरतो का?

ठरतो. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) कायदा 1 मे 2014 पासून लागू आहे. रस्ता, गल्ली, फुटपाथ किंवा इतर सार्वजनिक जागेत तात्पुरत्या मांडणीतून किंवा फिरून रोजच्या वापराच्या वस्तू विकणारी व्यक्ती म्हणजे पथविक्रेता, अशी त्याची व्याख्या आहे. वर्तमानपत्राचे नाव त्यात वेगळे घेतलेले नाही, पण रोज सकाळी विकली जाणारी वस्तू या व्याख्येबाहेर जाण्याचे कारण नाही. महाराष्ट्राने या कायद्याखाली 2016 मध्ये नियम आणि 2017 मध्ये योजना लागू केली.

कायद्याची रचना अशी आहे: आधी शहरातील सर्व पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण, मग प्रत्येकाला विक्री प्रमाणपत्र, मग जागांची आखणी. सर्वेक्षण किमान दर पाच वर्षांनी व्हायला हवे. हे काम नगर पथविक्रेता समितीच्या माध्यमातून चालते. महापालिकेत आयुक्त आणि नगर परिषदेत मुख्याधिकारी तिचे अध्यक्ष असतात. समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतःमधून निवडलेले असावे लागतात आणि त्यातील एक तृतीयांश महिला.

एका शहरात किती विक्रेते सामावून घ्यायचे, याचे प्रमाण लोकसंख्येच्या अडीच टक्के आहे. 2011 च्या जनगणनेत चंद्रपूर शहराची लोकसंख्या सुमारे 3 लाख 20 हजार होती. त्यावरून हा आकडा सुमारे आठ हजार निघतो. सुमारे 54 हजार लोकसंख्येच्या गडचिरोलीसाठी तो साडेतेराशेच्या आसपास येतो. भाजी, फळे, चहा, चप्पल, कपडे विकणारे सगळे याच आकड्यात येतात. पेपरवाल्यांची संख्या त्यात अगदी थोडी असते, आणि दुपारी सर्वेक्षण करणारे कर्मचारी चौकात येतात तेव्हा पेपरचे टेबल केव्हाच उचललेले असते. यादीतून नाव सुटण्याचा धोका म्हणूनच या धंद्याला जास्त आहे.

पथक आले तर?

सर्वेक्षण पूर्ण होऊन सर्वांना प्रमाणपत्रे मिळेपर्यंत आधीपासून बसणाऱ्या विक्रेत्याला हटवता येत नाही, असे कायद्याचे कलम 3 सांगते. त्यानंतर हटवायचे किंवा दुसरीकडे बसवायचे असेल, तर कलम 18 नुसार 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते.

पण महापालिकेच्या हातात जुना कायदाही आहे. चंद्रपूरला 2011 मध्ये महापालिका झाली, तेव्हापासून शहराला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम 230 नुसार रस्त्यात अडथळा होईल अशा रीतीने स्टॉल, खुर्ची, बाक, पेटी, शिडी ठेवता येत नाही. कलम 231 नुसार अशी वस्तू आयुक्त नोटीस न देता उचलू शकतात.

एक कायदा म्हणतो 30 दिवस थांबा, दुसरा म्हणतो थांबायची गरज नाही. मग चालणार कोणाचे? पथविक्रेता कायद्याच्या कलम 33 मध्ये याचे उत्तर आहे. इतर कायद्यांशी विसंगती आली तर 2014 चा कायदा वरचढ ठरतो. मात्र त्याचे संरक्षण पथविक्रेत्याला आहे. आपण पथविक्रेता आहोत हे दाखवणारा कागद हातात नसेल, तर चौकातल्या वादात कलम 33 फारसे उपयोगी पडत नाही.

माल जप्त केला, तर त्याची यादी देणे कलम 19 नुसार बंधनकारक आहे. नाशवंत नसलेला माल मागणी केल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत, तर नाशवंत माल त्याच दिवशी परत करावा लागतो. वर्तमानपत्र नाशवंत की टिकाऊ? कायदा त्यावर काही बोलत नाही. पण दोन दिवसांनी परत मिळालेला अंक रद्दीच्या भावाचा असतो. त्यामुळे जप्तीनंतर त्याच दिवशी लेखी मागणी करणे आणि त्यात मालाचे स्वरूप स्पष्ट लिहिणे हाच विक्रेत्याच्या हिताचा मार्ग आहे.

सर्वांत मोठी अडचण: ‘दुसरे साधन नाही’

विक्री प्रमाणपत्र घेताना विक्रेत्याला एक हमीपत्र द्यावे लागते. धंदा स्वतः किंवा कुटुंबातील व्यक्तीमार्फत करीन, प्रमाणपत्र दुसऱ्याला देणार नाही आणि उपजीविकेचे दुसरे साधन नाही, या त्यातील अटी आहेत.

शेवटची अट पेपरच्या धंद्याला अडते. हा धंदा चार-पाच तासांचा. अनेक जण सकाळी पेपर टाकतात आणि दिवसा दुकानात, शेतात किंवा कंपनीत कामाला जातात. काही जण कॉलेजात शिकतात. अट अक्षरशः लावली, तर नुसत्या पेपरवर घर चालत नाही म्हणून दुसरे काम करणारा विक्रेताच संरक्षणाबाहेर जातो.

एक वाट कायद्यातच आहे. एकच जागा वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या विक्रेत्यांना देण्याची, म्हणजे वेळ वाटून घेण्याची तरतूद योजनेत करता येते. सकाळी पाच ते दहा पेपर आणि त्यानंतर दुसरा विक्रेता, अशी आखणी समितीने केली तर पेपरवाल्यासाठी वेगळी जागा शोधावी लागणार नाही. त्यासाठी समितीत हा विषय मांडणारा माणूस मात्र हवा.

वयाची अटही लक्षात ठेवायला हवी. प्रमाणपत्रासाठी किमान वय 14 वर्षे आहे. 14 वर्षांखालील मुलाला पेपर टाकण्यासाठी कामावर ठेवणे बालकामगार कायद्यानुसार गुन्हा आहे.

जागा बदलली की नियम बदलतो

चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, गडचिरोली, देसाईगंज अशा शहरांत आणि एटापल्ली, भामरागड, सिरोंचासारख्या नगर पंचायतींच्या गावांत 2014 चा कायदा लागू होतो. पण सगळ्या जागा नगर परिषदेच्या नसतात.

रेल्वे: रेल्वेच्या मालकीच्या जागेला आणि गाड्यांना हा कायदा लागू नाही. बल्लारशाह जंक्शनच्या फलाटावर पेपर विकायचा तर परवानगी रेल्वेची.

बसस्थानक: आवारातील स्टॉल एसटी महामंडळ देते. फाटकाबाहेरचा फुटपाथ मात्र पालिकेचा.

राष्ट्रीय महामार्ग: गडचिरोली शहरातून 353-सी आणि 930 हे महामार्ग जातात. महामार्गाच्या हद्दीतील जागा वापरण्यासाठी 2002 च्या महामार्ग (जमीन व वाहतूक) नियंत्रण कायद्यानुसार महामार्ग प्रशासनाची परवानगी लागते. नुसती नगर परिषदेची पावती असून भागेलच असे नाही.

चंद्रपूरचा परकोट: जटपुरा गेट, पठाणपुरा गेट आणि गोंडकालीन तटबंदी हे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. उचलून नेता येणारे टेबल आणि पाया घालून उभा केलेला लोखंडी स्टॉल यांत येथे मोठा फरक पडतो.

ग्रामपंचायत: 2014 च्या कायद्यात स्थानिक प्राधिकरण म्हणजे महापालिका, नगर परिषद, नगर पंचायत यांसारख्या नागरी संस्था. ग्रामपंचायत त्यात नाही. गावात 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याचे कलम 53 चालते आणि रस्त्यावरील अडथळा काढण्याचा अधिकार पंचायतीला असतो. म्हणजे एटापल्ली गावात पेपर विकणाऱ्याला जे संरक्षण आहे, ते त्याच तालुक्यातल्या शेजारच्या गावातील विक्रेत्याला नाही. पेसा क्षेत्रात गावबाजाराचे व्यवस्थापन ग्रामसभा आणि पंचायतीकडे असते. आठवडी बाजारात टेबल लावायचे तर विचारणा तेथे करावी लागते.

वनजमीन: राखीव वनात विनापरवानगी जागा अडवणे 1927 च्या वन कायद्यानुसार गुन्हा आहे. वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) नुसार ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, समाजमंदिर अशा सुविधांसाठी मिळू शकते. पेपरचा स्टॉल त्या यादीत नाही, समाजमंदिर आहे. जंगलातल्या गावात रोजचे पेपर ठेवण्यासाठी तीच सोयीची जागा.

टेबल किती मोठे असावे?

पादचारी सुविधांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची ‘आयआरसी 103’ ही मार्गदर्शक तत्त्वे वापरली जातात. त्यानुसार फुटपाथवर चालण्यासाठी किमान 1.8 मीटर रुंदी मोकळी हवी. बाजारपेठेत ती 2.5 मीटर धरली जाते.

हिशेब सोपा आहे. फुटपाथ 2.5 मीटर रुंद असेल आणि टेबल 0.6 मीटरचे असेल, तर 1.9 मीटर जागा उरते. वस्तीच्या रस्त्यावर हे चालेल, बाजारात नाही. पण टेबलासमोर उभा असलेला गिऱ्हाईकही अर्धा मीटर जागा घेतो. तो धरला तर 1.4 मीटरच उरतात आणि व्हीलचेअर व बाळाची गाडी समोरासमोर आली की अडतात. त्यामुळे टेबल भिंतीला किंवा झाडाच्या ओळीत लावणे आणि पेपर आडवे पसरण्याऐवजी उभ्या रॅकमध्ये ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

परदेशासारखी पेटी ठेवता येईल का?

अमेरिकेत नाणे टाकून झाकण उघडायचे आणि एक अंक घ्यायचा, अशा पेट्या फुटपाथवर असत. त्यावरून तेथे मोठे खटले झाले. ओहायो राज्यातील लेकवुड शहरात पेटीला परवानगी द्यायची की नाही, हे महापौरांच्या मर्जीवर होते. ‘प्लेन डीलर’ या दैनिकाने त्याला आव्हान दिले आणि 1988 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा मनमानी अधिकार घटनाबाह्य ठरवला. 1993 मध्ये सिनसिनाटी शहराने जाहिरात पत्रिकांच्या 62 पेट्या हटवण्याचा काढलेला आदेशही टिकला नाही. शेकडो पेट्या ठेवून फक्त 62 हटवल्याने रस्ता मोकळा कसा होतो, हा तेथील कळीचा मुद्दा ठरला.

आपल्याकडे पेटीला अडचण वेगळी आहे. विक्री प्रमाणपत्र व्यक्तीला मिळते, कंपनीला नाही. माणसाविना उभी असलेली पेटी पथविक्रेता नाही, त्यामुळे 30 दिवसांच्या नोटिशीचे संरक्षण तिला मिळत नाही. कलम 230 मध्ये ‘पेटी’ हा शब्द तर थेट आहे. आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय ठेवलेली पेटी कलम 231 नुसार त्याच दिवशी उचलली जाऊ शकते. अमेरिकेतील निकालांचा धडा मात्र येथेही लागू पडतो: परवानगी देण्याचे निकष आधी लिहिलेले हवेत. एका विक्रेत्याला हो आणि दुसऱ्याला नाही, याचे कारण कागदावर दिसले पाहिजे.

विक्रेत्याने आज काय करावे?

• पालिकेत पथविक्रेता सर्वेक्षणाच्या यादीत आपले नाव आहे का, ते लेखी अर्ज करून विचारावे. अर्जाची पोच घ्यावी.

• अर्जात विक्रीची वेळ लिहावी. सर्वेक्षण सकाळी आठच्या आत व्हावे, अशी मागणी करता येते.

• एजन्सीची बिले, पालिकेने फाडलेल्या पावत्या आणि जागेचे जुने फोटो जपून ठेवावेत. किती वर्षांपासून बसतो, हे त्यावरूनच सिद्ध होते.

• तक्रार असेल तर कलम 20 नुसार तक्रार निवारण समितीकडे जाता येते. तिचा अध्यक्ष माजी दिवाणी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी असतो.

• यादीतील नावाचा उपयोग कर्जासाठीही होतो. पीएम स्वनिधी योजनेत ऑगस्ट 2025 मधील बदलानंतर 15 हजार, 25 हजार आणि 50 हजार रुपये असे तीन टप्पे आहेत. योजना मार्च 2030 पर्यंत चालणार आहे.

एप्रिल 2020 मध्ये राज्य सरकारने लॉकडाऊनमुळे पेपर घरोघरी टाकण्यावर बंदी घातली होती आणि काही दिवसांतच त्या आदेशात बदल करावा लागला होता. घरपोच पेपर थांबला की वाचकाला चौकातल्या त्या टेबलापर्यंत चालत जावे लागते. ते टेबल तेथे राहायचे असेल, तर विक्रेत्याचे नाव पालिकेच्या यादीत असणे ही पहिली गरज आहे.