लेप मासा खातो काय? सुका लेप शिजवण्याआधी वाचा

चोपडा-शिरपूरकडच्या आठवडे बाजारात सुकट-बोंबलांशेजारी कधी जिभेसारखा चपटा, एकाच बाजूला दोन्ही डोळे असलेला मासा दिसतो. हा समुद्रातला लेप. आपल्या तापीत तो मिळत नाही. पिल्लाचे डोळे दोन्ही बाजूंना असतात, वाढताना एक सरकून दुसऱ्याशेजारी येतो.

मग तो तळाच्या गाळात आडवा पडून राहतो. तिथले गांडुळासारखे बारीक किडे, छोटे झिंगे, बारके शिंपले आणि तळाशी साचलेलं कुजकंही खातो. खाताना माती-वाळूही पोटात जाते. कालवणात कचकच लागते ती बऱ्याचदा यामुळेच! बारके लेप पोट न काढताच वाळवलेले असू शकतात. तेव्हा डोकं-पोट काढा, कोमट पाण्यात भिजवा, दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवा. खारटपणाही उतरतो.