शरीरातील मंद दाह आणि उतारवयातील हृदयविकार
ज्येष्ठ नागरिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी माहिती

पायात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. यालाच वैद्यकशास्त्रात दाह म्हणतात. जंतूंशी लढण्याचा व जखम भरून काढण्याचा हा शरीराचा स्वाभाविक उपाय आहे. काम संपले की तो काही दिवसांत शमतो.

उतारवयात मात्र अनेकांच्या शरीरात दाहाचा आणखी एक प्रकार आढळतो. तो दुखत नाही व डोळ्यांना दिसत नाही. राखेखालच्या निखाऱ्याप्रमाणे वर्षानुवर्षे धुमसत राहतो. हा मंद दाह हृदयाच्या रक्तवाहिन्यांना हळूहळू इजा करतो. तो कसा वाढतो, कशाने कमी होतो आणि त्यावर स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळ्या घेणे का धोक्याचे आहे, हे या पत्रकात सांगितले आहे.

मंद दाह हृदयाला कसा बाधतो?

रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात शिरते. त्याला परके समजून पांढऱ्या पेशी तेथे जमतात, ते गिळतात आणि स्वतःच तेथे अडकून पडतात. अशा रीतीने भिंतीत चरबीचा थर साचतो व त्यावर एक पातळ आवरण तयार होते. दाह चालू राहिला तर हे आवरण कमकुवत होते. एखाद्या दिवशी ते फाटते, त्या जागी रक्ताची गुठळी बनते आणि हृदयाच्या स्नायूकडे जाणारे रक्त अडते. हाच हृदयविकाराचा झटका होय. म्हणूनच रक्तवाहिनी फारशी अरुंद झालेली नसतानाही झटका येऊ शकतो.

सन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, पूर्वी झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांना कोलेस्टेरॉल न बदलता केवळ दाह कमी करणारे इंजेक्शन देऊन पाहिले गेले. त्यामुळे पुढील झटक्यांचे व पक्षाघाताचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटले. दाहाचा हृदयविकाराशी थेट संबंध आहे, हे त्यावरून स्पष्ट झाले. परंतु त्याच रुग्णांत जीवघेण्या जंतुसंसर्गाचे प्रमाण किंचित वाढले. दाह सरसकट दाबून टाकणे हा उपाय नव्हे. तो ज्या कारणांमुळे धुमसत राहतो ती कारणे दूर करणे हा खरा उपाय आहे.

हा दाह कशामुळे टिकून राहतो?

वय वाढणे हे एक कारण आहे व ते आपल्या हाती नाही. पुढील कारणे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती आहेत.

तंबाखू: बिडी, सिगारेट, खैनी, जर्दा घातलेले पान, गुटखा यांपैकी काहीही निरुपद्रवी नाही.

पोटावरील चरबी व मधुमेह: पोटाच्या आत साचलेली चरबी दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडते. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असल्यास मधुमेह व रक्तदाब तपासून घ्यावा.

हिरड्यांचे रोग: दात घासताना रक्त येणे, हिरड्या सुजणे हे वयाचे लक्षण नसून आजार आहे.

संधिवात: सांध्यांना सूज आणणाऱ्या आमवातासारख्या आजारांत हृदयविकाराचा धोका वाढतो. अशा रुग्णांनी सांध्यांबरोबर हृदयाचीही तपासणी करावी.

दूषित हवा: धुरातील अतिसूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जाऊन दाह निर्माण करतात. कोलकाता शहराचा समावेश २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे. डिसेंबर व जानेवारीत येथील हवा विशेष बिघडते. धुके व धूर सकाळी जमिनीलगत साचून राहतात. मैदानावर किंवा रवींद्र सरोवराभोवती पहाटे फिरण्याची सवय असलेल्या ज्येष्ठांनी हिवाळ्यात ऊन चढल्यावर बाहेर पडावे. हवा फार खराब असेल त्या दिवशी घरातच हालचाल करावी. मात्र व्यायाम सोडू नये.

वेदनाशामक गोळ्यांविषयी सावधगिरी

गुडघे किंवा कंबर दुखते म्हणून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून महिनोन्महिने घेणारे ज्येष्ठ पुष्कळ घरांत आढळतात. या गोळ्या सांध्यांची सूज उतरवतात, त्यामुळे त्या हृदयातील दाहही कमी करत असतील, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो चुकीचा आहे. या गोळ्यांमुळे रक्तदाब वाढू शकतो, शरीरात पाणी साठते, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो. हा धोका वापराच्या पहिल्या काही आठवड्यांतही संभवतो. आयबुप्रोफेनमुळे ॲस्पिरिनचा उपयोगही कमी होऊ शकतो.

ज्यांना हृदयविकार, उच्च रक्तदाब वा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी एकही गोळी घेऊ नये. दुखणे सहन करत राहावे, असा याचा अर्थ नाही. सुरक्षित औषध, शेक व सांध्यांचे व्यायाम यांविषयी डॉक्टर सल्ला देतील. ज्या पुड्यांवर औषधाचे नाव लिहिलेले नाही, त्या घेऊ नयेत. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. झटका टाळण्यासाठी ॲस्पिरिनही आपल्या मनाने सुरू करू नये. डॉक्टरांनी सुरू केलेले ॲस्पिरिन किंवा स्टॅटिन मात्र बरे वाटते म्हणून बंद करू नये. स्टॅटिनमुळे कोलेस्टेरॉलबरोबर दाहही कमी होतो.

रक्ताची चाचणी करावी का?

सीआरपी या प्रथिनाच्या अतिसंवेदनशील चाचणीने मंद दाहाचा अंदाज येतो. एका लिटरमध्ये १ मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रमाण चांगले, तर ३ पेक्षा अधिक प्रमाण वाढत्या धोक्याचे मानले जाते. १० पेक्षा अधिक असल्यास बहुधा ताप, संसर्ग किंवा दुखापत हे कारण असते. बरे झाल्यावर चाचणी पुन्हा करावी लागते. ही चाचणी प्रत्येकाला आवश्यक नाही. रक्तदाब, रक्तशर्करा व कोलेस्टेरॉल यांची तपासणी मात्र प्रत्येक ज्येष्ठाने करावी. आपल्या प्रभागातील महानगरपालिकेच्या आरोग्य केंद्रात याविषयी विचारणा करावी.

आपण काय करावे?

• तंबाखू पूर्णपणे सोडावा. धूम्रपान सोडल्यानंतर एका वर्षात हृदयविकाराचा वाढीव धोका सुमारे निम्म्यावर येतो.
• आठवड्यातून किमान १५० मिनिटे, झेपेल तितक्या वेगाने चालावे.
• मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी ठेवावे. लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठही त्यात धरावे.
• डाळी, उसळी, भाज्या, फळे आहारात वाढवावीत. मासे खाणाऱ्यांनी ते तळण्याऐवजी कालवणात किंवा झोलमध्ये शिजवावेत. तेलेभाजा, मिष्टी व साखरेचा चहा रोजचा नसावा.
• दोन वेळा दात घासावेत व वर्षातून एकदा दंतवैद्यांना दाखवावे.
• फ्लूची लस घेण्याबाबत डॉक्टरांना विचारावे. फ्लू झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात झटक्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो.
• घेत असलेल्या सर्व गोळ्या एका पिशवीत घालून प्रत्येक तपासणीच्या वेळी डॉक्टरांना दाखवाव्यात.

केव्हा क्षणभरही थांबू नये?

छातीत दाब वा कळ येणे, ती हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरणे, घाम फुटणे, धाप लागणे ही झटक्याची लक्षणे आहेत. वृद्ध व मधुमेही व्यक्तींच्या छातीत दुखेलच असे नाही. अचानक दम लागणे, कमालीचा थकवा, मळमळ किंवा भोवळ एवढेच लक्षण असू शकते. गॅस झाला असेल असे म्हणून सकाळपर्यंत वाट पाहू नये. ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा किंवा रुग्णाला तत्काळ हृदयोपचाराची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. रुग्णाने स्वतः वाहन चालवू नये आणि जिने चढू-उतरू नयेत.

मुले परगावी असल्याने कोलकात्यातील अनेक मराठी घरांत आता दोघेच ज्येष्ठ राहतात. जवळच्या रुग्णालयाचे नाव, चालू औषधांची यादी व एका शेजाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून दाराजवळ लावून ठेवावा. स्थानिक भाषेत बोलणे कठीण जात असेल तर ती यादीच आपल्यासाठी बोलेल.