नवजात अर्भकाचा मेंदू आणि मूत्रपिंड

वसईजवळच्या गिरीजच्या वाडीत विहिरीचे पाणी अपुरे पडले, तर बागाईतदार ते आधी नाजूक वेलींना देईल. इतर झाडांना थांबावे लागेल. जन्मतः गुदमरलेल्या अर्भकाचे शरीरही हाच न्याय लावते. प्राणवायू कमी पडताच रक्ताचा ओघ मेंदू व हृदय यांच्याकडे वळतो आणि पहिली झळ मूत्रपिंडांना पोहोचते.

अशा बालकाला कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे लागते. यंत्र प्राण वाचविते. परंतु त्यामुळे छातीतील दाब वाढून हृदयाकडे परतणारे रक्त व पर्यायाने मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटू शकतो. अकाली जन्मलेल्या बालकाची मूत्रपिंडे तर पुरती घडलेलीही नसतात.

मेंदूला प्राणवायू किती मिळतो, हे सुई न टोचता कळू शकते. अवरक्त किरण कवटी भेदून जातात, हे योब्सिस या शास्त्रज्ञाने १९७७ साली दाखविले. प्राणवायू असलेले व नसलेले रक्त हे किरण कमी-अधिक शोषते. कपाळावरील एका पट्टीने हा फरक मोजला जातो. तशीच पट्टी कमरेवर लावून मूत्रपिंडाचाही अंदाज घेता येतो.

तथापि मोजमाप म्हणजे उपचार नव्हे. १७ देशांतील १,६०१ अत्यंत अकाली जन्मलेल्या बालकांवरील अभ्यासात, या मापनानुसार उपचार केल्याने मृत्यू वा मेंदूची गंभीर इजा कमी झाली नाही, असे २०२३ मध्ये आढळले. मेंदूचा आकडा समाधानकारक असला, तरी मूत्रपिंडे सुखरूप आहेत असे मानता येत नाही. रक्तातील क्रिएटिनिनही पहिले काही दिवस मातेच्या प्रमाणाचेच निदर्शक असते. म्हणून लघवीची नोंद मोलाची ठरते. दर किलो वजनामागे ताशी १ मिलिलिटरहून कमी लघवी हा धोक्याचा इशारा होय.

मूळ उपाय जन्मवेळीच करावयाचा असतो. गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांनाच गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू करण्याचे शिक्षण दिले. शासकीय रुग्णालयांत आजारी नवजातावर विनामूल्य उपचारांची तरतूद २०११ पासून आहे. प्रसूती रुग्णालयात व्हावी, ४८ तासांत लघवी न झालेले बाळ त्वरित डॉक्टरांना दाखवावे आणि श्वसनयंत्रावरून वाचलेल्या बालकाचा रक्तदाब व लघवी पुढेही तपासली जावी, याकडे पंचायत सदस्य व शिक्षकांनी लक्ष पुरविल्यास वाचलेला जीव निरोगीही वाढेल.