पाच नंबरची कोठडी

जमिनीपासून शे-दीडशे फुटांवरून ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणारं विमान एका मिनिटात पंधरा किलोमीटर मागे टाकतं. वैमानिकाच्या मांडीवर घडी घातलेला नकाशा असतो. त्यावर पेन्सिलीने आखलेली रेघ आणि रेघेवर मिनिटामिनिटाच्या खुणा असतात. आधी घड्याळ पाहायचं, मग नकाशा, मग जमीन, हा क्रम त्याच्या अंगवळणी पाडलेला असतो. कालवा दिसायला हवा तेव्हा दिसला, तर आपण रेघेवर आहोत. नाही दिसला, तर पुढच्या खुणेपर्यंत धीर धरायचा. हल्ल्याच्या जागी पोचल्यावर विमान वर खेचायचं, लक्ष्य शोधायचं, झेप घ्यायची, मारा करायचा आणि पुन्हा खाली उतरून घरची वाट धरायची. प्रत्यक्ष हल्ला काही सेकंदांचा असतो आणि त्याची तयारी अनेक तासांची.

लढाऊ वैमानिक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दोन विमानांची आकाशातली झुंज येते. १९७१च्या डिसेंबरात पश्चिम आघाडीवर अशा झुंजी झाल्याही. पण आपल्या वैमानिकांच्या वाट्याला त्याहून कितीतरी अधिक वेळा आली ती जमिनीवरची लक्ष्यं. रणगाडे, तोफखाना, रेल्वेगाड्या, धावपट्ट्या. ज्या फौजेवर हल्ला करायचा तिच्या तोफांच्या टप्प्यातूनच जायचं, आणि दुसऱ्या दिवशी बहुधा त्याच भागात परत जायचं. त्या तोफांनी पाडलेल्या वैमानिकांपैकी एक होते फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर. रावळपिंडीतल्या युद्धकैदेतून त्यांनी केलेल्या पलायनाची गोष्ट साहसकथा म्हणून सांगितली जाते. मला ती हवाई दलाच्या शिस्तीची गोष्ट वाटते. कोठडीत बसून त्यांनी जे केलं ते एका मोहिमेची आखणीच होती, आणि ती मोहीम जिथे चुकली ती जागासुद्धा नकाशावरचीच होती.

पारुळकर १९६३च्या मार्चमध्ये हवाई दलात अधिकारी झाले. अडीच वर्षांतच १९६५चं युद्ध आलं. एका हल्ल्यात त्यांच्या विमानावर मारा झाला आणि ते स्वतः उजव्या हाताला जखमी झाले. तुकडीच्या नेत्याने विमान सोडून उडी घेण्याचा सल्ला दिला. लढाऊ विमानाची दांडी उजव्या हातात असते. तोच हात जखमी असताना विमान सरळ ठेवणं आणि ते धावपट्टीवर टेकवणं म्हणजे काय, याचा अंदाज जमिनीवरच्या माणसाला येणं कठीण आहे. पारुळकरांनी विमान तळावर परत आणलं आणि त्यांना वायुसेना पदक मिळालं.

१९७१मध्ये ते आदमपूरच्या २६ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये सुखोई-७ उडवत होते. हे सोव्हिएत विमान साठच्या दशकाच्या अखेरीला आपल्याकडे आलं. एकच वैमानिक, एकच प्रचंड इंजिन, मागे कललेले पंख आणि ३० मिलिमीटरच्या दोन तोफा. कणखर इतकं की शत्रूच्या क्षेपणास्त्राने शेपटीच्या चिंध्या झाल्यावरही ते परत आल्याची नोंद आहे. पण इंधन पिण्यात त्याचा हात धरणारं दुसरं विमान नव्हतं. इंधनाच्या जादा टाक्या लावाव्यात तर बॉम्बची जागा जाते, आणि टाक्या कमी केल्या तर पल्ला तुटतो. त्यामुळे सुखोईच्या वैमानिकाला लक्ष्यावर रेंगाळायची सोय नसे. किती मिनिटं, किती लिटर, कुठून मागे फिरायचं, हा हिशेब निघण्यापूर्वीच पक्का करावा लागे. त्या युद्धात सुखोईंची हानी मोठी झाली, कारण सर्वांत धोक्याची कामं त्यांच्याकडे होती.

१० डिसेंबर १९७१ रोजी विमानविरोधी तोफांनी पारुळकरांची सुखोई पाडली आणि ते हवाई छत्रीने पाकिस्तानच्या हद्दीत उतरले. आसनासकट बाहेर फेकलं जाणं ही सुटका खरी, पण त्या धक्क्याने मणके चेपतात, हाडं मोडतात. त्याच युद्धात असंच बाहेर पडताना स्क्वॉड्रन लीडर धीरेंद्रसिंह जफा यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली होती, स्क्वॉड्रन लीडर कामत यांचे पाय मोडले होते. जो माणूस काही क्षणांपूर्वी त्या मुलखावरून वाऱ्याच्या वेगाने जात होता, तो आता त्याच शेतात, एकटा, हातात काही नसताना उभा असतो. सिंधच्या वाळवंटात उतरलेल्या फ्लाइट लेफ्टनंट जवाहरलाल भार्गव यांनी आपण पाकिस्तानी वैमानिक मन्सूर अली असल्याचं सांगून काही तास निभावून नेले. कलमा म्हणून दाखवायला सांगितल्यावर ते सोंग संपलं.

पकडलेल्या हवाई दलाच्या अधिकाऱ्यांना रावळपिंडीत ठेवलं होतं. आधी प्रत्येकाला एकांतकोठडी आणि चौकशी. मग २५ डिसेंबरला कैद्यांच्या छावणीचे प्रमुख स्क्वॉड्रन लीडर उस्मान यांनी सगळ्यांना एकत्र आणलं. नाताळचा केकही त्यांनीच आणला. उस्मान या गृहस्थांचं नाव वाचकाने लक्षात ठेवावं. हळूहळू कोठड्यांची दारं दिवसा उघडी राहू लागली. बारा भारतीय वैमानिक तिथे होते आणि विंग कमांडर कोएल्हो त्यांच्यात सर्वांत ज्येष्ठ. युद्ध १७ डिसेंबरलाच थांबलं होतं, पण सुटकेचं चिन्ह दिसेना. भारताच्या ताब्यात पाकिस्तानचे सुमारे ९३ हजार लोक होते आणि त्यांचा प्रश्न बांगलादेशाच्या मान्यतेत अडकला होता. २ जुलै १९७२ला सिमला करार झाला. युद्धकैद्यांच्या परतीची तारीख त्यातही ठरली नाही.

आज ना उद्या सुटका होणारच, तर मग जीव धोक्यात का घालायचा? हा प्रश्न त्या कोठड्यांतही विचारला गेला. दुसऱ्या महायुद्धात, १९४४च्या मार्चमध्ये, जर्मनीच्या एका युद्धकैदी छावणीतून दोस्तराष्ट्रांचे ७६ वैमानिक भुयारातून निसटले होते. त्यांतले ७३ पुन्हा पकडले गेले आणि त्यांपैकी ५० जणांना हिटलरच्या हुकमाने गोळ्या घातल्या गेल्या. १९४९च्या जिनिव्हा करारानुसार पळण्याचा फसलेला प्रयत्न हा फक्त शिस्तभंग ठरतो आणि शिक्षेची मर्यादा तीस दिवस. पण करार वाचून पहारेकरी बंदूक रोखत नाही. पारुळकरांचं मत मात्र युद्धाआधीपासूनच ठाम होतं. पकडला गेलो तर पळून जाईन, असं त्यांनी आपल्या वरिष्ठांना कधीच सांगून ठेवलं होतं. मला त्यांचं म्हणणं पटतं. सैनिक कैदेत गेला म्हणून त्याची नेमणूक रद्द होत नाही. बसून राहिलेला कैदी शत्रूच्या दोन-चार माणसांना पहाऱ्यावर गुंतवतो. पळणारा कैदी अख्खं ठाणं कामाला लावतो.

मग आखणी सुरू झाली. इथून पुढे मला हे सगळं ओळखीचं वाटू लागतं, कारण हवाई मोहिमेच्या आखणीचा तोच क्रम आहे. लक्ष्य, मार्ग, वेळ, साधनं, परतीचा हिशेब. पूर्वेकडे भारताची सीमा जवळ, पण तिथे सैन्य एकमेकांसमोर उभं आणि जमिनीत सुरुंग. म्हणून उलट दिशा निवडली. पश्चिमेला पेशावर, तिथून खैबर खिंडीने तोरखम आणि पलीकडे अफगाणिस्तान. शत्रू ज्या बाजूला पाहतो आहे त्याच्या विरुद्ध बाजूने जायचं. जोडीला दोघे होते, फ्लाइट लेफ्टनंट मालविंदरसिंह ग्रेवाल आणि हरीश सिंहजी.

सामानाची जमवाजमव मला सर्वांत विलक्षण वाटते. जिनिव्हा कराराप्रमाणे कैदी अधिकाऱ्याला महिन्याकाठी थोडी रक्कम मिळते. ती साठवून प्रवासाचे पैसे झाले. पठाणी कपडे तयार झाले. सुई चुंबकित करून होकायंत्र बनवलं. शाळेच्या ॲटलासमधला नकाशा मिळाला. झेपेतून विमान वर खेचताना रक्त डोक्यातून खाली उतरू नये म्हणून वैमानिक जी-सूट घालतो आणि त्यातल्या रबरी पिशव्या हवेने फुगून पोट नि मांड्या आवळतात. त्याच पिशव्या कापून पाणी नेण्याच्या पखाली केल्या. आकाशातलं कवच डोंगर तुडवण्याच्या कामाला लागलं. खायला सुका मेवा आणि घट्ट दूध राखून ठेवलं. हे तिघांचं काम नव्हतं. ज्यांचे पाय मोडले होते, ज्यांना जायचंच नव्हतं, त्यांचेही हात यात लागले. विमानतळावर एका उड्डाणामागे जशी जमिनीवरच्या माणसांची फळी उभी असते, तशी ती होती.

फोडायची भिंत होती पाच नंबरच्या कोठडीची. हत्यारं म्हणजे कात्री, सुरी, स्क्रू-ड्रायव्हर. रात्री एकेक वीट मोकळी करायची, चुरा खोक्यांत भरून खाटेखाली सारायचा, सकाळ होण्याआधी विटा परत जागेवर लावायच्या. बाहेरच्या बाजूचा गिलावा अगदी शेवटपर्यंत शाबूत ठेवायचा. बाहेरून पाहणाऱ्याला भिंत ही भिंतच दिसली पाहिजे.

तारीख ठरली १२ ऑगस्ट १९७२, शनिवारची रात्र. १४ ऑगस्ट हा पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन, म्हणजे लागून आलेल्या सुट्ट्या आणि सैल पहारा. त्या रात्री वादळ आलं आणि पहारेकऱ्याने अंगावर पांघरूण ओढून घेतलं. तिघे भोकातून बाहेर पडले, कुंपणाची भिंत चढून रस्त्यावर आले. नेमका शेवटचा सिनेमा सुटला होता. त्या गर्दीत ते मिसळले आणि पेशावरच्या बसमध्ये जाऊन बसले.

नावंही बदलली होती. फिलिप पीटर, अली अमीर, हॅरॉल्ड जेकब. पाकिस्तानी हवाई दलात ख्रिस्ती कर्मचारी होते आणि सुट्टीत खैबर बघायला आलेले हवाई दलाचे लोक म्हटलं, तर चालीतला लष्करीपणा आणि उर्दूतला परकेपणा दोन्ही खपून जातील, हा हिशेब. पेशावरहून टांगा, थोडी पायपीट, मग पुन्हा बस. १३ ऑगस्टच्या सकाळी ते लंडी कोतलला पोचले. सीमा आता चार-पाच मैलांवर होती. रावळपिंडीपासूनचं हे सगळं अंतर सुखोईने पंधरा मिनिटांत कापलं असतं.

ॲटलासमध्ये लंडी कोतलच्या पुढे लंडी खाना हे स्टेशन दिसत होतं, सीमेला अगदी लागून. त्यांनी चौकशी केली ती लंडी खानाची. खैबर रेल्वे १९२५मध्ये लंडी कोतलपर्यंत आणि १९२६मध्ये लंडी खानापर्यंत गेली. अफाट खर्चाने, चौतीस बोगदे खोदून इंग्रजांनी ती बांधली. पण शेवटचा तुकडा १९३२मध्येच बंद झाला. चाळीस वर्षं तिथे गाडी गेली नव्हती. परिसरातलं पोरही ते नाव स्टेशन म्हणून घेत नसेल. नकाशावर मात्र ते तसंच छापलं जात राहिलं.

त्या चौकशीवरूनच तहसीलदाराच्या कार्यालयातल्या एका कारकुनाने त्यांना हटकलं. हे भारतीय वैमानिक असतील, असा त्याचा संशय नव्हताच. त्या काळात पश्चिम पाकिस्तानात अडकलेले बंगाली याच वाटेने अफगाणिस्तानात निसटत होते. हे तिघे बंगाली आहेत, असं त्याला वाटलं. तहसीलदारापुढे उभं केल्यावर थापा मारत राहणं शक्य होतं, पण कबायली मुलखात पळणाऱ्या अनोळखी माणसाचं काय होईल याची खात्री नव्हती. त्या क्षणी पारुळकरांनी जो निर्णय घेतला तो मला १९६५च्या लँडिंगइतकाच मोठा वाटतो. त्यांनी उस्मान यांना फोन लावायला सांगितला. उस्मान आता पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचे एडीसी, म्हणजे वैयक्तिक सहायक अधिकारी, होते. माणसं आमची आहेत, त्यांना इजा करू नका, अशी व्यवस्था उस्मान यांनी केली. ज्याच्या कैदेतून पळालो त्याच्याच शब्दावर जीव सोपवायचा, यासाठी माणसाची पारख लागते. ती पारख नाताळच्या त्या केकपासून होत आली होती.

तिघांना एकांतकोठडीची शिक्षा झाली आणि पुढे साऱ्यांना लायलपूरच्या तुरुंगात भारतीय लष्कराच्या इतर कैद्यांबरोबर हलवलं. १ डिसेंबर १९७२ रोजी ते वाघ्यावरून भारतात परतले. परत न आलेल्यांचा प्रश्न मात्र त्याच वर्षी सुरू झाला. १९७१च्या युद्धातले चोपन्न भारतीय सैनिक आपल्या सरकारच्या यादीत आजही बेपत्ता आहेत आणि त्यांत वैमानिकांची संख्या मोठी आहे. पारुळकरांच्या गोष्टीचा आनंद घेताना ही यादी बाजूला ठेवता येत नाही. रेड क्रॉसकडे नोंद झालेले, पगार मिळणारे, एकमेकांना ओळखणारे बारा जण होते म्हणून ते परतले.

फेथ जॉन्स्टन यांनी या पलायनावर इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलं, जफांनी आपल्या आठवणी लिहिल्या, हिंदीत चित्रपट झाला. पारुळकर पुढे ग्रुप कॅप्टन झाले, हवाई दल अकादमीत त्यांनी नव्या वैमानिकांना शिकवलं आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत बटालियन कमांडर म्हणून काम केलं. विशिष्ट सेवा पदकही त्यांना मिळालं. खडकवासल्याच्या त्या मैदानावर त्यांच्यासमोर उभ्या राहिलेल्या मुलांना जुना नकाशा वापरण्याचा धोका त्यांच्याइतक्या अधिकाराने दुसरं कोण सांगू शकलं असतं? १० ऑगस्ट २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा ते ८२ वर्षांचे होते.