गाईचा बिल्ला नाही, सभासदाचं कार्ड वाचा!

वारणानगर म्हटलं की दूध आलंच. त्यामुळे एनएफसी मॉड्यूल हातात पडलं की पहिली कल्पना सुचते ती गाईच्या कानातला बिल्ला वाचायची. पण ते जमणार नाही. सरकारी पिवळ्या बिल्ल्यावर फक्त १२ आकडी क्रमांक आणि बारकोड असतो, चिप नसते. जनावरांचे चिपवाले टॅग १३४.२ किलोहर्ट्झवर चालतात, तर एनएफसी १३.५६ मेगाहर्ट्झवर.

दूध घालणाऱ्या सभासदाचं कार्ड मात्र मस्त जमतं. कार्ड टेकवलं की नाव पडद्यावर, लिटर आणि फॅट त्याच्या खात्यावर!

काय घ्यायचं?

🔹 आरसी५२२: स्वस्त आणि शिकायला छान. फक्त ३.३ व्होल्ट द्या, ५ नको.

🔹 पीएन५३२: मोबाईलचे एनएफसी टॅगही नीट हाताळतं. नेहमीच्या लाल बोर्डवर दोन बारीक स्विच असतात. आय-टू-सीसाठी पहिला ऑन, दुसरा ऑफ. आय-टू-सी स्कॅनर प्रोग्राममध्ये हेक्स २४ हा पत्ता दिसला की वायरिंग बरोबर.

🔹 एनटॅग२१३ स्टिकर: १४४ बाइट जागा. नाव आणि सभासद क्रमांकाला पुरून उरते.

मॉड्यूल पत्र्याच्या डब्यात बसवू नका, धातूमुळे रेंज पार कोलमडते. प्लास्टिकचा डबा उत्तम. तरीही कार्ड जवळ टेकवावंच लागतं, रेंज काही सेंटीमीटरचीच.

आणि एक महत्त्वाचं: कार्डाचा यूआयडी (चिपमधला ओळख क्रमांक) म्हणजे पासवर्ड नव्हे. त्याची नक्कल करता येते. मायफेअर क्लासिक प्रकारच्या कार्डांचं कूटलेखन तर संशोधकांनी २००८ मध्येच फोडलं. हजेरीला चालेल, पण दाराच्या कुलपाला कार्डासोबत पिन हवाच.

#एनएफसी #हौशीइलेक्ट्रॉनिक्स #वारणानगर