आकडा जपणारी माणसं

हवाई दलातून निवृत्त झालेल्या माणसाला ‘नोकरी कुठे केलीत?’ असं विचारलं, तर गावांची नावं नंतर येतात, आधी येतो आकडा. ‘मी वीसमध्ये होतो.’ ‘आम्ही सतराचे.’ हा आकडा स्क्वाड्रनचा. बदल्या होतात, तळ बदलतात, विमानं भंगारात किंवा संग्रहालयात जातात. आकडा मात्र माणसाला आयुष्यभर चिकटतो. मुळशी खोऱ्यात शेतीभाती पाहत निवृत्तीचे दिवस काढणाऱ्या जुन्या सार्जंटलाही डोक्यावरून लढाऊ विमान गेलं की पहिली उत्सुकता असते ती हीच, की कितवी स्क्वाड्रन असेल?

पुण्याच्या पलीकडच्या अंगाला, लोहगावच्या तळावर असलेल्या २० व्या स्क्वाड्रनचं उदाहरण घेऊ. तिचं नाव ‘लाइटनिंग्ज’. १ जून १९५६ रोजी ती अंबाल्यात उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे व्हँपायर विमानं होती. पुढे हंटर आली. २७ सप्टेंबर २००२ रोजी तत्कालीन संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांच्या उपस्थितीत लोहगावला सुखोई-३० एमकेआय दाखल झाली, तीही याच स्क्वाड्रनमध्ये. तीन विमानं, तीन पिढ्या, आकडा एकच.

या आकड्यामागे केवढा इतिहास आहे! १९७१ च्या युद्धात विंग कमांडर सेसिल पार्कर यांच्या नेतृत्वाखाली या स्क्वाड्रनच्या हंटर विमानांनी पठाणकोटहून उडून पाकिस्तानात खोलवर हल्ले केले. पार्कर यांना महावीर चक्र मिळालं. स्क्वाड्रनमध्ये त्या वेळी नौदलाचा एक तरुण वैमानिक प्रतिनियुक्तीवर होता, अरुण प्रकाश. त्यांना वीर चक्र मिळालं आणि पुढे ते नौदलप्रमुख झाले. रावळपिंडीजवळच्या चकलाला तळावरच्या हल्ल्यांत एक छोटं अमेरिकी विमानही नष्ट झालं. ते होतं चक येगर यांच्या वापरातलं. आवाजाचा वेग प्रथम ओलांडणारे हेच ते येगर, तेव्हा अमेरिकेचे लष्करी प्रतिनिधी म्हणून पाकिस्तानात होते. १९८२ मध्ये हवाई दलाच्या सुवर्णमहोत्सवात निळ्या-पांढऱ्या हंटरची ‘थंडरबोल्ट्स’ ही कसरत तुकडी उभी राहिली, तीही याच विसांची.

स्क्वाड्रनचा स्थापना दिवस आला की जुन्यांना बोलावणं जातं. स्मारकावर पुष्पचक्र वाहिलं जातं, नवी विमानं दाखवली जातात, आणि मग असतो बडा खाना. अधिकारी, वॉरंट ऑफिसर, एअरमन सगळे एकत्र जेवतात. व्हँपायरवर हात काळे केलेला फिटर सुखोईच्या शिडीपाशी उभा राहतो आणि नातवाच्या वयाच्या तंत्रज्ञाला इंजिनाबद्दल प्रश्न विचारू लागतो. समारंभातला सगळ्यात मोलाचा भाग हाच, कारण एरवी वैमानिकांच्या कथा लिहिल्या जातात, जमिनीवरच्या माणसांच्या फारशा लिहिल्या जात नाहीत. हंटरच्या नाकाखाली ३० मिलिमीटरच्या चार तोफा एकाच सुट्या खोक्यात बसवलेल्या असत. विमान उतरलं की रिकामं खोकं खाली घ्यायचं, भरलेलं वर चढवायचं आणि काही मिनिटांत विमान पुन्हा उडायला तयार करायचं. पठाणकोटच्या डिसेंबरातल्या थंडीत हे काम ज्यांनी केलं, त्यांची नावं पदकांच्या यादीत शोधून सापडत नाहीत. ती फक्त अशा पंगतीत एकमेकांच्या तोंडून येतात.

एका दिवसाच्या भेटीवर वर्ष निघत नाही. स्क्वाड्रनची मंडळी एकमेकांना धरून असतात, आणि त्यांच्या मागे १९८० मध्ये स्थापन झालेली, राज्याराज्यांत शाखा असलेली ‘एअर फोर्स असोसिएशन’ उभी आहे. १४ जानेवारी हा माजी सैनिकांचा दिवस. १९५३ मध्ये याच तारखेला फील्ड मार्शल करिअप्पा लष्करप्रमुखपदावरून निवृत्त झाले होते. ८ ऑक्टोबर हवाई दलाचा, ७ डिसेंबर ध्वजनिधीचा, १६ डिसेंबर विजय दिवस. पुण्यात नागरिकांच्या वर्गणीतून उभारलेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकापाशी अशा दिवशी जुने बिल्ले छातीवर लावलेली माणसं दिसतात.

खरं काम मात्र या तारखांच्या अधेमध्ये चालतं. पेन्शन चालू ठेवायची तर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि आता तो ‘स्पर्श’ या ऑनलाइन व्यवस्थेतून. ऐंशी ओलांडलेल्या माणसाचं बोट यंत्रावर उमटत नाही, आधारमधल्या नावाचं स्पेलिंग सेवापुस्तकाशी जुळत नाही, पती गेल्यावर पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतनासाठी कोणता अर्ज भरायचा ते ठाऊक नसतं. मुळशीच्या आतल्या गावातून पुण्यातल्या कार्यालयापर्यंत यायचं म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा अख्खा दिवस जातो. अशा वेळी शेजारी बसून अर्ज भरून देणारा, माजी सैनिकांसाठीच्या ‘ईसीएचएस’ आरोग्य योजनेच्या दवाखान्यात सोबत जाणारा जुना सहकारी मिळाला, की संघटना म्हणजे काय ते कळतं. भाषणांपेक्षा हे काम मोठं आहे.

आणि काही नावं विसरू द्यायची नाहीत, हेही कामच. ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर पुण्यात राहत. १९६५ च्या युद्धात उजव्या हाताला जखम झालेली असताना त्यांनी विमान परत आणलं. डिसेंबर १९७१ मध्ये २६ व्या स्क्वाड्रनचं सुखोई-७ उडवताना ते पाडले गेले आणि रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीत पोहोचले. तिथे कोठडीच्या भिंतीतल्या विटा हळूहळू सैल करत, १३ ऑगस्ट १९७२ च्या पहाटेआधी मालविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासह ते बाहेर पडले. पेशावर गाठून पुढे लंडी कोतलपर्यंत गेले. अफगाण सरहद्द काही मैलांवर राहिली होती. तिथे त्यांनी लंडी खाना स्टेशनचा रस्ता विचारला. ते स्टेशन १९३२ पासून बंद होतं. लोकांना संशय आला आणि तिघे पकडले गेले. १ डिसेंबर १९७२ रोजी सगळे कैदी वाघ्याहून परतले. परुळकरांचं १० ऑगस्ट २०२५ रोजी पुण्यात निधन झालं.

जे परतलेच नाहीत त्यांच्यात ३२ व्या स्क्वाड्रनचे फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे आहेत. ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोटवरच्या हल्ल्यात त्यांचं विमान पडलं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. युद्धानंतर बेपत्ता म्हणून नोंदलेल्या ५४ जणांच्या शोधासाठी त्या दशकानुदशकं झगडल्या. २००७ मध्ये नातेवाइकांचा गट पाकिस्तानच्या तुरुंगांत जाऊन आला, त्यात त्याही होत्या. हाती काही लागलं नाही. ३२ चा विषय निघाला की तांबे यांचं नाव आजही निघतं, आणि निघायलाच हवं.

विमानं संपली की स्क्वाड्रन ‘नंबरप्लेट’ होते, म्हणजे आकडा राखून ठेवला जातो. १७ व्या ‘गोल्डन अ‍ॅरोज’चं तसंच झालं होतं. कारगिलच्या वेळी तिचं नेतृत्व केलेले बी. एस. धनोआ हवाई दलप्रमुख असतानाच सप्टेंबर २०१९ मध्ये ती राफेलसाठी पुन्हा उभी राहिली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. ज्या मिगची बांधणी नाशिकजवळच्या ओझरला झाली, त्यावर हात फिरवलेले किती तरी मराठी कामगार आणि तंत्रज्ञ आज घरी आहेत. त्यांच्याही आठवणी कुणीतरी टिपायला हव्यात.

१ जून २०२६ ला लोहगावच्या २० व्या स्क्वाड्रनला ७० वर्षं होतात. अंबाल्यात पहिली व्हँपायर तयार करणारा पोरवयाचा एअरमन आता नव्वदीच्या घरात असेल. त्याला बड्या खान्याला आणायला गाडी पाठवावी, आणि सोबत एक ध्वनिमुद्रक द्यावा.